न उघडणारा बायोडेटा

पिंपळे गुरवमध्ये माझ्या शेजारी विजयश्रीताईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर आणि त्यात तीनशे मुलींचे फोटो-पत्ते. मुलीच्या घरी विचारल्याशिवाय ताई कुणालाही काही दाखवत नाहीत, मग मुलाचा मामा कितीही मोठा असो. म्हणून तर शालनबाईंनी त्यांच्यावर विश्वास टाकला. त्यांच्या मुलीचा, दिव्याचा घटस्फोट झालेला. आधीचा नवरा त्रास द्यायचा, म्हणून मायलेकी महाळुंग्याची खोली सोडून आल्या होत्या. नवा पत्ता कुणाला कळू नये, एवढी एकच अट.

मार्चमध्ये चाकणच्या एका इंजिनिअरचा बायोडेटा मेलवर आला. पगार चांगला, घटस्फोटित चालेल. ताईंनी फाइल उघडली तर काहीच दिसेना. गप्प बसावं की नाही? स्थळ हातचं जाईल म्हणून ताईंनीच कळवलं, ‘फाइल उघडत नाही, कृपया पुन्हा पाठवा.’ त्या भल्या माणसाने लगेच पाठवली. कॉम्प्युटरने परवानगी मागितली, तीही ताईंनी दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

परवा दुपारी मी तिथे चहा घेत होते. ताईंच्या हातात कपबशी, आणि स्क्रीनवरचा बाण आपोआप हलायला लागला. त्याने ‘मुली’ नावाचा फोल्डर उघडला. ताईंनी माउस धरून बाण मागे ओढला, तो पुन्हा तिथेच गेला. शेवटी मी वायर उपटली.

ताईंचा भाचा सुजित एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याने येऊन तपासलं.

“मावशी, त्या फाइलमध्ये बायोडेटा नव्हताच. ती उघडली की एक प्रोग्राम आत लपून बसतो. मग लांब बसलेला माणूस तुझी स्क्रीन बघतो, तू टाइप केलेलं वाचतो, फायली उचलतो, कॅमेरासुद्धा चालू करतो. मार्चपासून हेच चाललंय.”

“मग काढ त्याला.”

“काढतो. पण नेलेलं परत कसं आणू?”

मला ताईंचा राग आला आणि त्यांच्याकडे बघून रडूही आलं. पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी ती लिहून घेतली आणि कळवतो म्हणाले.

मग ताईंनी सगळ्यात आधी शालनबाईंना बोलावून खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत.

“आमच्या दिव्याचं सगळं काढून टाका,” एवढंच म्हणाल्या.

सुजितने त्यांच्यासमोर फोटो पुसला, पत्ता पुसला. शालनबाईंनी वाकून स्क्रीन नीट पाहिली.

“आता कुटंच न्हाई ना?”

ताई म्हणाल्या, “इथं तरी नाही.”