चुलीत घातलेली काथवट

माझी काथवट त्यांनी माझ्यासमोर चुलीत घातली. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट. आईची. देवगडच्या बोटीत मांडीवर धरून आणलेली. लाकडात ओल मुरलेली होती, म्हणून ती लगेच पेटली नाही, नुसती धुमसत राहिली. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते, कारण दार अडवून माणसं उभी होती.

डिलाईल रोडवरची खानावळ होती ती. गिरणीतली आमच्याच मुलखातली माणसं तिथे जेवायची. मालकिणीला सगळे काकी म्हणत. मी एकोणीस वर्षांची, नवरा छातीच्या रोगाने गेलेला, वरळीच्या बीडीडी चाळीत मावशीच्या आश्रयाला. कामावर ठेवताना काकीने फक्त आडनाव विचारलं. आमच्याकडे गावावरून आडनाव पडतं. खोताचं तेच, न्हाव्याचं तेच, महाराचंही तेच.

"म्हणजे आमच्यातलीच," काकी म्हणाली.

मी गप्प राहिले. पोट भरायचं होतं ना. पण त्या गप्प राहण्याने मला धड झोपू दिलं नाही. गावचा कुणी जेवायला आला तर? ओळखलं तर? रोज पदर कपाळावर ओढून चुलीपुढे बसायची, आणि दारात सावली पडली की मान आणखी खाली घालायची.

जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. रस्त्यावर गोळीबार, मग कर्फ्यू. वरळीला परत जाता येईना. मी खानावळीतच पिठाच्या पोत्यांमागे राहिले आणि भाकऱ्या भाजत राहिले. साचेखात्यातला, माग चालवणारा एक जण मांडीला गोळी लागून आत आला. उठवत नव्हतं त्याला. पेजेत भाकरी कुस्करून मी माझ्या हाताने भरवली.

"बाय, तुझ्या हातच्या भाकरेन माका वाचयल्यान," तो म्हणाला.

बाहेर घोषणा चालायच्या. मराठी माणूस एक. मला वाटायचं, त्या एकात मीही असेन. खुळी होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, सकाळी, पिठाचा गोळा माझ्या हातात होता. एक जण बातमी घेऊन आत आला. ज्याने आम्हाला माणूस म्हणून उभं केलं, त्याचं नाव घेऊन म्हणाला, "गेले. दिल्लीत."

माझ्या तोंडून हंबरडा फुटला. अडवताच आला नाही. वर्षभर सांभाळलेलं सगळं त्या एका हंबरड्यात बाहेर आलं.

"कोण गेलो गो तुझो?" काकीने विचारलं.

"बापूस."

"तुझो बापूस तर कधीच गेलो मां?"

एकेक जण माझ्याकडे बघायचा, मग आपल्या ताटातल्या भाकरीकडे. एकाने ताट सरकवलं. दुसरा उठून मोरीवर गेला आणि घशात बोट घालून ओकू लागला. काकीने तवा विस्तवात घालून लाल केला. टोपलीतल्या भाकऱ्या रस्त्यावर फेकल्या. कुत्र्यांनी खाल्ल्या, त्यांना काही झालं नाही.

लाकूड काही तापवून शुद्ध होत नाही. म्हणून काथवट जाळायची ठरली. ती उचलून चुलीत कुणी घातली? साचेखात्यातल्या त्यानेच. लंगडत आला आणि घातली. माझ्याकडे बघितलंही नाही. गरज सरो, वैद्य मरो.

दुसऱ्या दिवशी दादरला समुद्राकडे माणसांचा लोंढा चालला होता. मी त्यात चालले. नखांत पीठ तसंच होतं. तिथे मी पोटभर रडले आणि पदर कपाळावर ओढला नाही.

आठवडाभराने काकी वरळीला आली. दाराबाहेरच उभी राहिली. नव्या बाईच्या भाकऱ्या चामड्यासारख्या होत होत्या, माणसं दुसऱ्या खानावळीत जायला लागली होती.

"पीठ मी धाडतंय," ती हळूच म्हणाली. "भाकऱ्यो हयच भाज. कोणाक कळूचा नाय."

घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. मावशी मला डोळ्यांनी सांगत होती, हो म्हण. माझ्या हातची भाकरी त्यांना हवी होती, फक्त मी नको होते.

"तुमच्याच चुलीर भाजतंय, काकी," मी म्हटलं. "फुडल्या दारात बसान. आणि जेवणाऱ्यांका माझी जात सांगान वाढा."

"उपाशी मरशीत."

"मरान. पण लपान भाजूचंय नाय."

ती गेली. मावशीने माझ्याकडे पाठ फिरवली. शेजारणीकडून मी पीठ आणि शेगडी मागून आणली. दुपारी डिलाईल रोडवर, खानावळीच्या समोरच्या फुटपाथवर मांडली. काथवट नव्हती, पत्र्याच्या थाळीत पीठ मळलं. जो थांबला त्याला आधी जात सांगितली. थांबलेले पुढे गेले. गिरणी सुटली तेव्हा साचेखात्यातला तो दोघांना घेऊन आला. थाळीला पाय लावून म्हणाला, "उद्या हय दिसलंस तर शेगडी तुझ्या अंगार ओततलंव."

तो बघत असतानाच मी पुढची भाकरी थापली, तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी शेगडी पेटवली. आदल्या दिवसापेक्षा दोन हात पुढे, खानावळीच्या दारातून माझं तोंड नीट दिसेल अशी.