वैशालीचा पार्क

"मॅडम, पार्क तयार आहे, पण गावातला एकही माणूस आत पाय ठेवत नाही," पार्क बांधणाऱ्या खात्याचे साहेब फोनवर म्हणाले. "गावच नाही आलं तर उद्घाटन कसलं? तुम्ही बघून या. वेळ पडली तर सगळं नव्यानं करू. तुम्हीच करा."

खरं सांगते, मला आनंद झाला. मी चंद्रपूरला असते. म्युझियम, पार्क यांची मांडणी करते. हे काम मीही मागितलं होतं. मिळालं वैशालीला, जी माझ्याच हाताखाली शिकली. तेव्हापासून माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

पार्क एटापल्लीच्या पुढं, जंगलात. नकाशावर हा भाग कोरा होता, त्या काळात मोजणी करत इंग्रजांची पहिली तुकडी इथं शिरली. तिची ही आठवण. आत डायोरामा आहे. म्हणजे पुतळे, सामान, झाडं मांडून एखादा प्रसंग उभा करायचा. माझ्या डिझाइनमध्ये गोरा साहेब दुर्बीण घेऊन उंच चौथऱ्यावर होता. वैशालीनं त्याला चिखलात रुतलेला बूट ओढताना दाखवला होता. पुढं गावचा वाटाड्या, खांद्याला कुऱ्हाड अडकवून, मागं वळून हसू दाबतोय.

मी त्या वाटाड्यापुढं बराच वेळ उभी राहिले. हे मला का सुचलं नाही? जळफळाट झाला नुसता. खोट काढायला आले होते आणि खोट सापडेना.

आत शिरण्याआधीच गेटवर वैशालीनं पेला पुढं केला होता. "ताई, पन्हं घ्या. इथल्याच कैऱ्यांचं. आल्या माणसाला आधी हे द्यायचं, मग आत न्यायचं." तिचा चेहरा रडवेला होता. "गावातले लोक गेटपर्यंत येतात, हा पन्ह्याचा माठ बघतात आणि परत जातात. रागावलेत का हो?"

मी गावात गेले. हातपंपावर एक म्हातारी भेटली.

"बाई, पार्कात काऊन नाई जात तुमी?"

"जाव तं वाटते ना वं. पण थे पोरगी दारातच नव्या आंब्याचं पानी देते. आमचा पंडुम व्हायचा हाय. नवा आंबा आधी देवाले, मंग आमाले. अन् एवढ्या मायेनं देल्लेलं नाई म्हणाव कसं? मंग जातच नाई."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. तो होईपर्यंत त्या फळाला कोणी तोंड लावत नाही.

परतताना गाडीत मी मनात मांडे खात होते. 'मांडणी बदलावी लागेल' एवढंच साहेबांना म्हणायचं, की पार्क माझा. म्हातारीला कोण विचारायला जाणार होतं? पण मांडणी बदलायची तर तो वाटाड्या काढावा लागणार. त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडं त्याच्याहून सरस काही नव्हतं. हे मात्र फार झोंबलं.

"साहेब, गेटवरचा पन्ह्याचा माठ काढा. साधं पाणी ठेवा."

"एवढंच?"

"एवढंच."

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. म्हातारी वाटाड्याला बघून खदखदून हसली. "हा तं माह्या भावावानी दिसते!" तिनं वैशालीला ओढून शेजारी उभं केलं. वैशालीनं मोबाइल माझ्याच हातात दिला. "ताई, एक फोटो काढा ना."

काढला. चांगला आला.

तपासणीला जाताना मत्सर घरी ठेवून जावं म्हणतात. मी म्हणते, खुशाल न्यावा. समोरच्याचं काम किती चांगलं आहे, ते मत्सरालाच सगळ्यात आधी कळतं.