पाणी घातलं आणि डीएनए दाट झाला

"डिस्टिल्ड वॉटर घरी नेलंस आणि बाटलीत विहिरीचं भरलंस. खरं की नाही?"

आमचे विभागप्रमुख करीमभाईंना विचारत होते. करीमभाई लॅबोरेटरी अटेंडंट, पन्नाशीचे. सर चाळिशीचे, तरी अरे-तुरे. मी नगरच्या त्या कॉलेजात नवी डेमॉन्स्ट्रेटर होते. बहात्तरच्या दुष्काळात नळ कोरडे पडले होते. करीमभाई केडगावच्या एका विहिरीवरून सायकलला डबे अडकवून पाणी आणत, तेव्हा कुठे आमचा डिस्टिलेशन प्लांट चाले. त्या माणसावर पाणीचोरीचा आळ!

"न्हाई साहेब. थेंब न्हाई नेला."

"मग हे कशानं झालं?"

'हे' म्हणजे माझं डीएनएचं सँपल. बोकडाच्या गळ्याजवळच्या ग्रंथीतून आठ दिवस खपून ते काढलं होतं. डीएनए म्हणजे पेशीतला लांबच लांब, अतिशय बारीक धागा. तो अखंड असला की द्रावण काकवीसारखं दाट होतं. ते तपासायला व्हिस्कोमीटर नावाची बारीक काचनळी असते. द्रावण तिच्यातून उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. त्या सकाळी सँपल पाण्यासारखं झरकन उतरलं. शिवाय गढूळ दिसत होतं.

सरांचा निष्कर्ष तयार होता: घाण पाण्यातल्या एन्झाइमनी धाग्याचे तुकडे केले. दुपारपर्यंत मेमो टाइप झालाही. चोरीचा संशय, लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी.

मी बाटलीतल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. विहिरीचं पाणी त्यानं दुधासारखं पांढरं होतं. हे नितळ राहिलं. सरांना नेऊन दाखवलं.

"आज बदलली असेल बाटली," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. चाचणी केली तरी माणूस चोर, नाही केली तरी चोर! मी वही काढून आदल्या दिवसाची एकेक पायरी तपासायला बसले.

सँपलमध्ये पाणी फार होतं, म्हणून मी ते सेलोफेनसारख्या पिशवीत भरून पीईजी नावाच्या पावडरीत पुरून ठेवलं होतं. पावडर पिशवीतून पाणी शोषून घेते. ती वापरलेली पिशवी अजून ट्रेमध्ये होती. पाणी भरून दाबली. गाठीशेजारून बारीक चिळकांडी उडाली.

म्हणजे पावडर आत शिरली होती. आणि गाठ मी बांधली होती.

पण पीईजी डीएनए तोडत नाही. मग सँपल पातळ का झालं? विचार करता करता एक शक्यता दिसली. मी सरांकडे गेले.

"सर, धागा तुटला नसेल. आकसला असेल."

"पेशीत डीएनए प्रोटीनभोवती गुंडाळला जातो. तुम्ही प्रोटीन काढून टाकलंत. मग गुंडाळलं कोणी?"

"गर्दीनं, सर. पीईजीचे मोठाले रेणू जागा अडवतात. त्यात आपलं द्रावण खारट. मिठामुळे धाग्याचे भाग एकमेकांना दूर ढकलत नाहीत. पसरायला जागा नाही म्हटल्यावर तो गोळा होतो. पेशीतही अशीच दाटीवाटी असते."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"करून दाखवते."

तुटलेला धागा काही जुळत नाही. पण आकसलेला असेल, तर गर्दी विरळ केल्यावर पसरायला हवा. मी अर्धं सँपल घेतलं. त्यात तितकंच मिठाचं पाणी घातलं, मुद्दाम करीमभाईंच्या त्याच बाटलीतल्या पाण्यात केलेलं. पाणी घातलं की कुठलंही द्रावण पातळ होतं. तासाभरात याचा गढूळपणा गेला, आणि काचनळीतून ते इतकं रेंगाळत उतरलं की सरांनी स्टॉपवॉच दोनदा पाहिलं. कांडी बुडवून उचलली तर तार सुटली.

"बरं झालं. सँपल वाचलं," सर म्हणाले.

"आणि मेमो?"

"शेरा मारू. संशय सिद्ध झाला नाही."

"सिद्ध काय व्हायचं? चोरी झालीच नाही! पिशवी माझ्या हातून गळली."

"हे लेखी देऊ नका. तुमचं नोकरीतलं कन्फर्मेशन व्हायचंय."

मी लेखी दिलं. ऑफिसात आवक क्रमांक घालून घेतला आणि प्रत प्रिन्सिपॉलना पाठवली. करीमभाईंचा मेमो रद्द झाला. निष्काळजीपणाचा मेमो मला मिळाला. तो रास्त होता. माझं कन्फर्मेशन वर्षभर लांबलं, ते मात्र नव्हतं. सरांनी करीमभाईंची माफी मागितली नाही ती नाहीच.

मी मागितली. करीमभाई फ्लास्क धूत होते. "तुमचं काय न्हाई, बाई," ते म्हणाले. "पर त्या दिशी घरी लेकीनं इचारलं, अब्बा, खरंच आणलं व्हतं का? त्ये लई लागलं."



पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या मुलीला एकच शिकवलं. पिशवी बांधली की आधी साधं पाणी भरून दाबून बघायची. दोन मिनिटं लागतात.