लालजी राहायला आला तेव्हा

देव दूध पितो, मूर्तीच्या डोळ्यांत पाणी येतं, असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलते. आजही बदलते. तरी हे लिहितेय...

२०१६ ची गोष्ट. आम्ही डहाणू रोडला स्टेशनजवळ राहतो. शेजारच्या मंजूबेन गुजराती वैष्णव. त्यांचा लालजी म्हणजे पितळेचा रांगता बाळकृष्ण, मुठीएवढा. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, दुपारी कोमट दूध द्यायचं, निजवायचं. मंजूबेन लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला निघाल्या. तिथे सोयर असणार, त्याला नेता येईना, नेहमी सांभाळणारी नणंद आजारी, म्हणून माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, आम्ही चिंचणीची मासेखाऊ माणसं, मला मंत्रबिंत्र येत नाहीत.

"मंत्र कशाला? छोकऱ्याला काय मंत्र बोलून दूध पाजतात?"

घरात मासळी आणायची नाही, एवढीच त्यांची अट होती.

मला मूल नाही. एक झालं होतं, ते रडलंच नाही. मागून आलेलं दूध डॉक्टरांनी गोळ्या देऊन बंद केलं. त्याला कितीतरी वर्षं झाली.

सुरुवातीला मी नुसती ड्युटी केली. मग त्याला पुसताना हात आपोआप हळू व्हायला लागले. नवरा हसायचा, मी चिडायचे.

एकदा सासूबाईंना बघायला कासा गावच्या दवाखान्यात जावं लागलं. परतताना जीप चारोटीला सीट भरेपर्यंत हलेना. दुपार टळून चालली. तो उपाशी असेल, एवढंच डोक्यात... आणि एकदम छाती दाटून आली. पदराखाली हात घातला, तर ब्लाऊज ओला. दूध होतं ते.

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिलं.

"पोर घरी ठेवून आलीस काय, बाय?"

"हो," मी म्हणाले. असल्या प्रश्नाला मी आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणत होते.

घरी पोचून आधी त्याला दूध दिलं, मग पोटाशी धरून खूप रडले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. असं क्वचित होतं म्हणाल्या; मला का झालं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मंजूबेन त्याला घेऊन गेल्या आणि दूधही आटलं.

चमत्कार मी म्हणणार नाही. मग काय म्हणायचं, तेही कळलेलं नाही. फक्त मंजूबेनना अधूनमधून विचारते, सुरतेला कधी जाताय? मला घालवायची एवढी घाई का, म्हणून त्या हसतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. तो एकदा तरी परत राहायला यावा... या वेळी दुपारी मी घरीच असेन.