शांताच्या गालावरचा निळा

हसायचं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा. मी स्वतःच्या हातानं स्वतःची अशी शोभा करून घेतली, की बोरगावातली माणसं अजून मला बघून आधी हसतात, मग रामराम घालतात. पण त्या चित्राचा मला तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे, हे सांगून ठेवतो.

इंग्रजांचं राज्य होतं. बेळगावात टिळकवाडीतल्या एका मास्तरांकडे मी तैलरंग शिकत होतो. मास्तरांना फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं भारी वेड. "सावली काळी नसते," ते सांगायचे. "नीट बघ, निळी दिसेल, जांभळी दिसेल. नाक-डोळे कोरत बसू नकोस, उजेड रंगव." सुट्टीत काम दिलं, घरातली खोली, खिडकीचा उजेड आणि त्यात बसलेलं एक माणूस.

बोरगावला जाऊन मी धाकट्या बहिणीला, शांताला, बाहेरच्या सोप्यात खिडकीशी तांदूळ निवडायला बसवलं. तेच तांदूळ आठ दिवस.

"अण्णा, ह्यात आता एक खडा न्हाय," ती म्हणाली. "आता काय निवडू?"

पण चित्र काय उतरलं म्हणून सांगू? गालावर निळी सावली, हनुवटीखाली जांभळी, कानाशी हिरवट झाक. चार हात लांब उभं राहून डोळे बारीक केले, की शांता श्वास घेतेय असं वाटायचं. जवळून नुसते फटकारे. पण जवळून बघायचं कशाला?

त्याच आठवड्यात कोगनोळीहून शांताला स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शाळेत मास्तर. त्यांनी मुलीचा फोटो मागितला. आमचे वडील, आप्पा, तिला निपाणीला फोटो काढायला न्यायला निघाले, तर मी आडवा आलो.

"घरात चित्रकार असताना फोटो कशाला, आप्पा?"

आप्पांनी चित्र निरखलं. "लांबनं बघायचं म्हणतोस?"

"व्हय."

"मग पाठीव. कोगनोळी लांबच हाय की."

चित्र गेलं. चार दिवस काही उत्तर नाही. मंडळी बघतच राहिली असणार, असं मी गावभर सांगत फिरलो. पाचव्या दिवशी दारात गाडी थांबली. मुलाचे आईवडील चित्र घेऊन उतरले आणि मागून पिशवी घेतलेले एक पोक्त गृहस्थ. मला वाटलं, कोल्हापूरहून कुणी चित्रातला जाणकारच आणला.

"किती दिस झाले ह्याला?" चित्रातल्या गालाकडे बोट दाखवत गृहस्थांनी विचारलं.

"आठ," मी छाती फुगवून सांगितलं.

"सुरुवात कुठनं झाली?"

"गालापासून. मग हनुवटी. मग मानेवर उतरलं."

"वाढतंय अजून?"

"हातापर्यंत न्यायचा विचार आहे. अंगभर झालं की खरी शोभा."

मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. गृहस्थ गंभीर झाले आणि त्यांनी पिशवीतून औषधाच्या पुड्या काढल्या. ते वैद्य होते.

तेवढ्यात शांता पाणी घेऊन आली. मुलाची आई उठली, तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि डाग पावडरीखाली झाकलेत की काय, म्हणून शांताचा गाल घासू लागली. एक गाल झाला, मग दुसरा. आप्पा खाली बघत होते. माझ्या हौसेपायी बहिणीचं स्थळ मोडतंय, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

शांता मात्र जागची हलली नाही. "घासा की मावशी," म्हणाली. "माझा रंग पक्का हाय. अण्णाचाच कच्चा हाय."

मावशींचा हात थांबला. मग त्या अशा हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. "पोरगी पसंत हाय," त्या तिथंच म्हणाल्या. त्या दिवसाइतका बहिणीचा अभिमान मला कधी वाटला नाही.

वैद्य मात्र पुड्या बांधेनात. "आलोच हाय तर," म्हणत त्यांनी माझ्या दोन्ही पापण्या ओढून पाहिल्या, मान हलवली आणि अंजन दिलं. शांतानं ते लग्नापर्यंत रोज माझ्या डोळ्यांत घातलं.

मांडवात वरमाई माझा हात धरून पाहुण्यांना ओळख करून देत होत्या.

"ह्यो नवरीचा भाऊ. आता बरं हाय त्येला."