ही एकच व्यक्ती आहे का?

लॅबमध्ये तिला सगळे लेबलबाई म्हणायचे, आणि ते तिला मनापासून आवडायचं. रक्ताच्या नळीवर लेबल चिकटवायला काय अक्कल लागते, असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिच्या टेबलाशेजारी उभं राहावं. समोरच्याला ती आधी नाव विचारायची, मग वय, मग परत नाव. माणसं वैतागायची, आत्ताच सांगितलं की म्हणायची. लेबलबाई ढिम्म. एकाच नावाची दोन माणसं आली, तर पहिल्याची नळी आत गेल्याशिवाय ती दुसऱ्याला खुर्चीत बसूही द्यायची नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाणं यापेक्षा मोठं पाप तिला माहीत नव्हतं.

अशा बाईने घरी बसून, दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीवर असताना नेमकं तेच करावं म्हणजे कमाल झाली.

घरात तिघंच माणसं. नवऱ्याचं फ्रिजदुरुस्तीचं दुकान. मुलगी नवऱ्याची, पहिल्या बायकोची. पहिली गेली तेव्हा मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. लेबलबाई या घरात आली तेव्हा मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली होती, वाकडी. ती हिला मावशी म्हणते. आता तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि जाण्याआधी तिचं एकच मागणं होतं. आईचे सगळे फोटो तिला एका जागी हवे होते. ते होते कुठे, तर जुन्या कॉम्प्युटरवर, तीन-चार मेलेल्या मोबाईलच्या कार्डांवर आणि एका हार्डडिस्कवर, जी हल्ली चालू केली की दळायला बसल्यासारखी घरघरायची. नवरा नव्या दोन डिस्क घेऊन आला. एक मुलीबरोबर जाणार, एक घरी राहणार.

"तूच कर," तो म्हणाला. "तुझ्यासारखं नीट आमच्यापैकी कुणाला जमणार नाही."

कौतुकच ते. पण सवतीचे फोटो निगुतीने लावून द्यायचे, तेही हिनेच. नाही म्हणावं तर मन कोतं ठरणार, म्हणून ती हो म्हणाली.

मुलीने कॉम्प्युटरवर चेहरे ओळखणारा प्रोग्राम टाकून दिला होता आणि मैत्रिणींचा निरोप घ्यायला ती दोन दिवस गावाला गेली होती. हा प्रोग्राम फोटोंतले चेहरे वेचून त्यांचे ढीग करतो, आपण ढिगाला नाव द्यायचं. लेबलबाईला हे काम भलतंच आवडलं. नवऱ्याचा ढीग, मुलीचा ढीग. पहिलीच्या ढिगाला तिने "आई" लिहिलं, जरा दात आवळून. स्वतःच्या ढिगाला "मावशी." आईचा ढीग खाली-खाली सरकत संपता संपत नव्हता. मावशीचा दोनदा माउसचं चाक फिरवलं की तळ लागत होता.

आणि मग पडद्यावर दोन चेहरे शेजारी-शेजारी आले. डावीकडे पहिली, खिडकीत वाकून काहीतरी बघणारी. उजवीकडे लेबलबाई. खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का?

झोंबलं. ती या घरात आली तेव्हा नवऱ्याच्या बहिणीने तिला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि म्हटलं होतं, साधारण तशीच आहे की. तशीच! म्हणजे फ्रिजचा एक भाग गेला, त्याच मापाचा दुसरा आणून बसवला. इतकी वर्षं ते "तशीच" तिच्या मनात सलत होतं, आणि आता हे यंत्रही नणंदेचीच री ओढत होतं. ठीक आहे, म्हटलं. तशीच ना? घ्या मग. तिने "हो" दाबलं. कुठलं नाव ठेवायचं, असं त्याने विचारलं. तिने "मावशी" दाबलं.

डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही ढीग एक झाले आणि "आई" नाहीशी झाली.

खोटं कशाला बोला, चहा होईपर्यंतचा तो वेळ लेबलबाईने मजेत घालवला. मावशीचं लग्न झालं, तरुणपणी. मावशी पोटुशी राहिली. मावशीने चिमुकलं बाळ छातीशी धरलं. सगळं घर तिचं झालं, पहिल्या दिवसापासूनचं. कप हातात घेऊन ती परत आली आणि आता आपलेही बघू, म्हणून शोधायला लागली. सापडेनात. एवढ्या ढिगात तिचे मूठभर फोटो कुठे जाऊन बसले होते कुणास ठाऊक.

तेवढ्यात नवरा दुकानातून आला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. आता पकडली जाणार, असं तिला वाटलं. पण त्याने वरचं नाव वाचलंच नाही. पडद्यावर पहिली ओले केस पुढे घेऊन पुसत होती, तोंड अर्धं टॉवेलात. तो बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लेबलबाईने आजवर पाहिलं नव्हतं, आणि आपल्यासाठी नसलेलं ते हसू पाहून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. छान लावलंयस, म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

मग तिने मागे फिरायचा प्रयत्न केला. प्रोग्रामने एकत्र करताना कुरकुर केली नव्हती, वेगळं करायला मात्र तो साफ तयार नव्हता. एकेक फोटो हाताने उचलून टाकायचा, हाच एक मार्ग. मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. तिच्या आईला आपण पुसून टाकलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार होती ती? लॅबमध्ये तिने तब्येतीचं कारण सांगून रजा टाकली आणि सकाळीच कॉम्प्युटरसमोर बसली.

पहिले शंभरेक फोटो तिने लॅबच्या शिस्तीने तपासले. चेहरा, कपडे, मागची भिंत, परत चेहरा. मग तिच्या लक्षात आलं की एवढं बघायची गरजच नाही. बाई कॅमेऱ्याकडे बघत असेल, तर ती लेबलबाई. बघत नसेल, तर पहिली. पहिली भांडी घासत होती, बटण लावत होती, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपली होती, कुणाशी तरी भांडत होती. तिला पत्ताही नसताना कुणीतरी तिच्याकडे सारखं बघत होतं. आणि लेबलबाई प्रत्येक फोटोत ताठ, केस चापूनचोपून, हात पुढे जुळवलेले, ओळखपत्राला काढल्यासारखी. फोटोमागे फोटो नियम खरा ठरत होता, आणि दर खेपेला तिच्या काळजात सुई टोचत होती. काम मात्र झरझर उरकायला लागलं. पुढेपुढे ती चेहरा बघेनाशीच झाली.

दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा तिला राहवलं नाही.

"तिचे असे चोरून काढलेत सगळे," ती म्हणाली. "माझा एकही नाही. कधी काढावासा वाटला नाही?"

नवऱ्याने घास तसाच ठेवला. "काढायचो की. तू प्रत्येक वेळी डिलीट करायला लावायचीस. थांबा, केस नीट करते, मग काढा, म्हणायचीस. मग मी सोडून दिलं."

हे खरं होतं. गबाळा फोटो कुणी पाहिला तर पहिलीशी तुलना करेल, या धास्तीने तिने या घरात कधी स्वतःला बेसावध सापडूच दिलं नव्हतं. तिला नवऱ्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि तिसऱ्या कुणाचा यावा म्हणून पहिलीचाही आला, जी बिचारी त्या वेळी टॉवेलात तोंड पुसण्यापलीकडे काही करत नव्हती.

मुलगी आली तेव्हा "आई" परत जागेवर होती. दोन्ही डिस्क तयार होत्या. मुलगी पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसली आणि आईचे फोटो बघायला लागली. मध्येच हसायची, मध्येच नाक ओढायची. लेबलबाई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिकडे बघत नाही असं दाखवत होती. एकेका हसण्याबरोबर घडी जास्तच कडक दाबली जात होती.

"मावशी, हा यात कसा आला?"

लेबलबाई घाबरून उठली. पडद्यावर एका लांबलचक व्हरांड्यात, बाकावर, भिंतीला डोकं टेकून एक बाई झोपली होती. तोंड उघडं, केस विस्कटून चेहऱ्यावर आलेले, एक चप्पल पायातून निसटलेली. मांडीवर शाळेचं दप्तर घट्ट धरलेलं. बघत नाही, म्हणजे पहिली. लेबलबाईने नळीकडे न बघता लेबल लावलं होतं.

"ही तू आहेस," मुलगी म्हणाली. "माझी बोर्डाची परीक्षा होती. मी बाहेर आले तर तू अशी झोपलेली. मी उठवायच्या आधी काढला. तुला दाखवला नाही, तू काढून टाकायला लावला असतास."

लेबलबाई बघत राहिली. इतकी गबाळी ती स्वतःला कधी दिसली नव्हती. मुलगी परीक्षा देऊन, थकून बाहेर आली होती, आणि उठवायच्या आधी तिथे उभी राहून तिने हिच्याकडे बघितलं होतं.

"राहू दे इथेच," मुलगी हळूच म्हणाली. "आईच्यात शोभतोय."

"मुळीच नाही," लेबलबाई म्हणाली. "तिच्याकडे असे ढीगभर आहेत. माझा हा एकच आहे. माझ्यात टाक."

मुलीने टाकला. दोन्ही डिस्कवर तो नीट गेला की नाही, हे लेबलबाईने स्वतः उघडून पाहिलं, आणि मग परत एकदा पाहिलं.