वरून भरून आणलेली रेंज

पंपावर डिझेलचा वास आला की माझे खांदे आजही दुखायला लागतात. तेव्हा मी मोबाईलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करायचो आणि जनरेटरसाठी डिझेलचे कॅनही मीच डोंगरावर वाहायचो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणाऱ्या एका डोंगरावर आमचा नवा टॉवर उभा राहिला होता, पण त्याचं सगळं तोंड हायवेकडे. खालच्या वस्तीला रेंजचा पत्ता नव्हता. त्या वस्तीतल्या शेळ्या राखणाऱ्या एक मावशी मला ताक आणून द्यायच्या आणि पदरात गुंडाळलेला मुका फोन दाखवायच्या. त्यांची लेक भोरला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. एके दुपारी त्या म्हणाल्या, "दादा, त्या मशिनीत डिझेल भरताय, तशी ह्यात बी वरनं रेंज भरून आना की." समजावून सांगायचं त्राण नव्हतं, म्हणून फोन खिशात टाकला आणि चढलो. वर पोचतो तोच तो वाजला. मावशींचा जावई होता. "मुलगी झाली, दोघी बऱ्या हायेत," एवढं बोलला आणि फोन कटला. मी वरून ओरडलो, पण जनरेटरच्या धडधडीत मावशींना काही ऐकू गेलं नाही. घामाघूम होऊन उतरलो, निरोप सांगितला. त्यांनी डोळे पुसले, फोन कानाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग हळूच विचारलं, "उतरताना सांडली व्हय, दादा?" आता माझ्या फोनला घरात, रानात, सगळीकडे भरपूर रेंज असते, आणि तो वाजला की मावशींची ती सांडलेली रेंज आठवून मी नुसता बघत बसतो.